राष्ट्रीय महत्त्वाचा गाळ

हिवरवाडीच्या बारवेतून लोक पाणी काढतात, ही गंभीर बाब सर्वप्रथम माझ्या निदर्शनास आली. श्रेय घेण्याची मला सवय नाही. पण फायलीतले पहिले पत्र माझे आहे आणि त्यावर आवक क्रमांक एक पडलेला आहे, त्यामुळे माझा नाइलाज आहे.

आधी स्थळाविषयी. छावणी ओलांडून डावीकडे वळले की आमची 'बारव हाइट्स' लागते. बारा मजल्यांच्या तीन इमारती. बिल्डरच्या माहितीपत्रकात पहिल्या पानावर बारवेचा फोटो होता आणि फ्लॅटचा नकाशा चौथ्या पानावर. मी, म्हणजे मंदार, आणि माझी पत्नी अश्लेषा, आम्ही पहिले पान पाहूनच फ्लॅट घेतला. आमच्या खिडकीतून बारव पूर्ण दिसते. चौकोनी, काळ्या दगडाची, तीन बाजूंनी उतरत गेलेल्या पायऱ्या, भिंतीत देवळ्या आणि तळाशी हिरवट पाणी. बारवेच्या पलीकडे हिवरवाडी. वाडीची शेते आमच्या पार्किंगखाली आहेत. वाडी मात्र होती तिथेच राहिली, कारण तिला दुसरीकडे जायला जागा नव्हती.

या वाडीतली कडूबाई आमच्या सोसायटीत दूध घालायची. तिच्या चार म्हशी होत्या. बारवेच्या काठावर दगडी डोण आहे, तीत ती आणि तिचा दीर सांडू दोराने पाणी ओढून टाकत आणि म्हशी पीत. त्या वर्षी पावसाने दुसऱ्यांदा दगा दिला होता. शहराचे नाव बदलून झाले होते, पण नळाला पाणी यायचा आठवा दिवस बदलला नव्हता. आमच्याकडे पाच बोअर आणि वर टँकर असल्यामुळे आम्ही परिस्थितीकडे तटस्थपणे पाहू शकत होतो. वाडीकडे फक्त बारव होती, त्यामुळे त्यांना ते जमत नव्हते.

होळी झाली की पाडव्याच्या आत बारवेचा गाळ काढायचा, असा वाडीचा रिवाज. घरटी एक माणूस उतरतो. पहिले घमेले कडूबाईच्या घरचे. ते का, हे कोणालाच आठवत नाही, पण तिला ते विचारलेले आवडत नाही. मला यातले काहीच ठाऊक नव्हते. एका रविवारी मी चहा घेऊन खिडकीशी उभा राहिलो, तर चाळीसेक माणसे फावडी आणि टोपली घेऊन एका प्राचीन वास्तूच्या तळाशी उतरली होती आणि तळ उपसत होती. शिवाय हसतही होती. मी चहा तसाच ठेवून खाली धावलो.

"हे काय चाललंय?" मी विचारले.

"गाळ काढतोय दादा," कडूबाई म्हणाली. ती गुडघ्यापर्यंत चिखलात होती. "नाय काढला तर झरं बुजत्यात."

"कोणाच्या परवानगीनं?"

तिने थोडा विचार केला. "पाडव्याच्या," ती म्हणाली.

काठावर टाकलेल्या गाळात मला खापराचा एक तुकडा सापडला. मी त्याचा फोटो काढला, शेजारी मापासाठी पेन ठेवून. तो तुकडा सांडूच्या गेल्या उन्हाळ्यात फुटलेल्या माठाचा होता असे नंतर कळले, पण तोवर पत्र गेले होते. पत्रात मी १९५८ चा कायदा आणि १९७२ चा कायदा असे दोन्ही उद्धृत केले होते. पहिला प्राचीन वास्तूंना जपतो, दुसरा शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना. आपल्या देशात असे कायदे आहेत हे वाचून त्या रात्री मला अभिमानाने झोप लागली नाही.

तिसऱ्या दिवशी प्राचीन ठेवा जतन उपकक्षाची जीप आली. उपकक्षाचे सहायक अधिकारी इंद्रजीत साहेब उतरले. तरुण, अभ्यासू, आणि हातात सदैव मोजपट्टी. त्यांनी आधी काम थांबवले आणि मग काम काय आहे ते विचारले.

"गाळ हाय साहेब," सांडू म्हणाला.

"तुमच्यासाठी गाळ. आमच्यासाठी तो सांस्कृतिक थर आहे," साहेब म्हणाले. "या थरात काय दडलंय याचा अभ्यास व्हायचा आहे."

"कधी व्हनार?"

"अभ्यासाची घाई करायची नसते."

गाळ अर्धा निघाला होता. काढलेला अर्धा काठावर ढिगाने पडला होता, आणि साहेबांच्या मते तो आपल्या मूळ संदर्भापासून तुटला होता. त्यावर कायदेशीर उपाय एकच होता. गाळ परत आत टाकायचा, आणि ज्या क्रमाने काढला त्याच्या उलट क्रमाने, म्हणजे थर बिघडणार नाहीत. वाडीच्या चाळीस माणसांनी तीन दिवस खपून काढलेला गाळ पुढचे चार दिवस खपून परत भरला. मी खिडकीतून देखरेख केली.

"खालचा कोनता आन वरचा कोनता, आता कसं वळखायचं?" कडूबाईने घमेले डोक्यावर धरून विचारले.

साहेबांनी वहीत टिपले: 'थरांच्या क्रमाबाबत स्थानिकांमध्ये संभ्रम आढळतो. जनजागृती आवश्यक.'

जनजागृतीसाठी मी लगेच 'बारव बचाव मंच' स्थापन केला. अध्यक्ष मी, सचिव अश्लेषा. वाडीतला कोणी सभासद होऊ शकला नाही, कारण सभासदत्वाचा अर्ज ऑनलाइन होता आणि मंचाच्या रविवारच्या वारसा फेरीच्या वेळी त्यांना पाणी शोधायला जायचे असे.

यथावकाश बारवेला राष्ट्रीय महत्त्वाची वास्तू म्हणून घोषित करण्याचा इरादा प्रसिद्ध झाला. हरकतींसाठी दोन महिने होते. कायदा किती न्यायी आहे पाहा. कोणालाही, अगदी कडूबाईलासुद्धा, हरकत घेता येत होती. तिने घेतली. सांडूने वहीच्या कागदावर लिहून दिली, तिने अंगठा न करता सही केली, आणि सुनावणीला दोघेही उपकक्षात आले. मी मंचातर्फे हजर होतोच.

"तुमची हरकत काय?" साहेबांनी विचारले.

"आमाला पानी लागतं," कडूबाई म्हणाली.

"ही गरज झाली. हरकत कुठे आहे?"

कडूबाईने सांडूकडे पाहिले. सांडूने कागदाकडे पाहिले.

"बारव राष्ट्राची होतेय, बाई," साहेब समजुतीने म्हणाले. "तुम्हाला राष्ट्राविषयी हरकत आहे का?"

"नाय," ती म्हणाली. "राष्ट्राला म्हशी हायेत का, येवढंच इचारायचं व्हतं."

हरकत निकाली निघाली. निळा फलक लागला. त्यावर दोन वर्षांची कैद आणि एक लाखाचा दंड असा मजकूर पांढऱ्या अक्षरांत होता, आणि तो वाचून आमच्या सोसायटीत फ्लॅटचे भाव वधारले. वास्तूला पहारेकरी हवा होता. स्थानिकांना रोजगार द्यावा असे धोरण असल्यामुळे कंत्राटदाराने सांडूला घेतले. त्याला खाकी शर्ट आणि शिट्टी मिळाली. त्याचे पहिले काम कडूबाईला अडवणे हे होते.

तो प्रसंग मी खिडकीतून पाहिला, पण संभाषण ऐकायला खाली गेलो.

"वैनी, दोर नगं सोडू," सांडू म्हणाला. त्याची मान वर होत नव्हती.

"काल तूच दोर धरला व्हतास."

"काल मी नोकरीत नव्हतो. आज शर्ट घातलाय." मग तो हळू आवाजात म्हणाला, "म्हन तर सोडून देतो ही नोकरी. आत्ताच देतो."

कडूबाईने दोर गुंडाळून काखेत मारला. "नगं सोडू," ती म्हणाली. "आपल्या घरचं कुनीतरी तिथं उभं ऱ्हाऊ दे."

मी दोघांचेही कायदापालनाबद्दल अभिनंदन केले. त्यांनी पाठ फिरवली. या लोकांना कौतुक स्वीकारता येत नाही.

तरीही एक तांत्रिक मुद्दा उरला होता. बारव संरक्षित झाली. बारवेतल्या पाण्याचे काय? अधिसूचनेत 'बारव व तिचे सर्व घटक' असे शब्द होते. वाडीचे जाणते गृहस्थ नानासाहेब यांनी अर्ज केला की पाणी हा घटक नसून ते रोज नव्याने झरते, सबब ते काढू द्यावे. साहेबांनी अर्ज फेटाळला नाही. ते निःपक्षपाती आहेत. ते म्हशींच्या डोणीजवळ उभे राहिले आणि त्यांनी सांडूला विचारले, "हे पाणी किती वर्षांचं असेल?"

"काल रातीचं आसंल साहेब. रातीत झरतं."

"पुरावा?"

सांडूकडे पुरावा नव्हता. साहेबांनी शांतपणे समजावले की पाणी जमिनीत मुरते, खडकातून सरकते आणि केव्हातरी झऱ्याला येते. या प्रवासाला शंभर वर्षे लागलीच नसतील असे छातीठोक कोण सांगेल? आणि शंभर वर्षे लागली असतील तर ती पुरातन वस्तू होते. पाणी जुने नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी पिणाऱ्यावर आहे. तोवर साहेबांनी स्वतःच्या अखत्यारीत सवलत दिली. अभ्यास अथवा पाहणीसाठी पाणी बाहेर काढता येईल. मात्र ते मूळ स्थितीत परत ठेवावे लागेल.

"म्हशींना सांगते," कडूबाई म्हणाली.

त्याच महिन्यात वादळ झाले आणि तिच्या गोठ्याचे पत्रे उडाले. गोठा बारवेपासून चाळीस मीटरवर होता. शंभर मीटरच्या आत बांधकामाला मनाई असल्याने साहेबांनी दुरुस्तीच्या अर्जावर 'पत्रे उडालेल्या स्थितीत जैसे थे ठेवावेत' असा शेरा मारला. वाडीने वर्गणी काढून बोअर घ्यायचे ठरवले होते, तेही शंभर मीटरच्या आत येत होते.

आता सुज्ञ वाचक विचारतील की मग 'बारव हाइट्स'चे काय? आम्ही चौकशीला घाबरत नाही. मोजणी झाली. साहेबांनी बारवेपासून पट्टी सरळ धरली, पण मध्ये आमची कुंपणभिंत आली. भिंतीतून पट्टी जाईना. म्हणून ती रस्त्याने, वळणावरून, सुरक्षारक्षकाच्या केबिनला वळसा घालून मुख्य प्रवेशद्वारापर्यंत नेली, आणि अंतर तीनशे चार मीटर भरले. त्यापुढे कायद्याला आमच्याशी बोलायचे कारणच उरले नाही. बोअरबद्दल नानासाहेबांनी खुसपट काढले होते की आमचे पाच बोअर बारवेचेच पाणी ओढतात. त्यावर साहेबांचे उत्तर मला फार आवडले. ते म्हणाले, "कायदा अंतर मोजतो, खोली नाही."

अशा रीतीने सर्व काही सुरक्षित झाले आणि पाणी कमी होऊ लागले.

पुढच्या वर्षी पाऊस आला तो नावापुरता. येताना सोसायटीच्या नव्या रस्त्याची माती तेवढी बारवेत घेऊन आला. होळी झाली. पाडवा झाला. बारवेत कोणी उतरले नाही. पाणी आधी शेवटून तिसऱ्या पायरीवर गेले, मग शेवटच्या, मग त्याचे डबके झाले. वाडीच्या बायका पहारा बसल्यापासून दोन किलोमीटरवरच्या एका शेताच्या विहिरीवर जातच होत्या.

कडूबाई एकदा दूध घालायला आली तेव्हा दारात थांबली. "दादा, तुमी पत्र लिवता," ती म्हणाली. "एक पत्र लिवा ना. आमी चिखल येक टोपलंबी बाहेर नेनार नाय. निस्तं झऱ्याच्या तोंडापुढचं हातानं सारतो. दोन बाया. एक दिवस. झरा जित्ता हाय, मला म्हाईत हाय तो कुठं हाय."

मला खरेच वाईट वाटले. तिचा आवाज दाटला होता आणि दूधही त्या दिवशी पातळ होते. मी पत्र लिहिले. 'काही घटक संरक्षित थराला हस्तस्पर्श करण्याच्या विचारात असल्याचे समजते,' असे मी कळवले आणि पहारा वाढवण्याची विनंती केली. भावनेच्या भरात चुकीचे पत्र लिहिणाऱ्यांतला मी नाही.

वैशाखात तिने म्हशी विकल्या. चारही. आता आमच्याकडे पिशवीचे दूध येते. त्याला साय धरत नाही, असे अश्लेषा अजून म्हणते.

कोरड्या बारवेचा फोटो मात्र चांगला येईना. वारसा फेरीची गर्दी रोडावली. मंचाने चिंता व्यक्त केली आणि उपकक्षाने तातडीने, अवघ्या सात महिन्यांत, उपाय केला. गाळाला कोणतीही इजा न करता त्यावर निळ्या रंगाचा चकचकीत पत्रा बसवण्यात आला, खालून दिवे सोडण्यात आले. वरून पाहिले तर पाणीच. उलट पाण्यापेक्षा बरे, कारण शेवाळ नाही आणि पातळी उतरत नाही. एका तृषार्त कुत्र्याने पहिल्याच दिवशी त्यात उडी मारली आणि पाय मोडून घेतला; त्यावरून काम किती अस्सल उतरले आहे हे ध्यानात यावे.

या वर्षी अठरा एप्रिलला, जागतिक वारसा दिनी, तिथेच उत्सव करायचे ठरले. दिवे, सनई, व्याख्यान. साहेबांची कल्पना होती की पायरीवर पाणी भरणारी ग्रामीण स्त्री उभी असावी. त्यामुळे वास्तूचा मूळ वापर लोकांना कळेल. सोसायटीतली मोनिका तयार होती, नऊवारीही तिच्याकडे होती, पण तिला रिकामा हंडासुद्धा कमरेवर पेलेना. मी कडूबाईचे नाव सुचवले. अशा वेळी स्थानिकांना विसरायचे नसते. ती आता आमच्याच सोसायटीत तिसऱ्या इमारतीचे जिने पुसते, त्यामुळे निरोप देणे सोपे होते.

"खाली उतराया मिळंल का?" तिने एवढेच विचारले.

"तीन पायऱ्या," साहेब म्हणाले. "चौथीवर पाय नाही ठेवायचा."

"येते मग."

तुम्ही त्या संध्याकाळी आला होतात. नाही म्हणू नका, सूत्रसंचालन मी करत होतो आणि मला चेहरे लक्षात राहतात. दुष्काळाचे दिवस म्हणून मंचाने दारातच प्रत्येकाच्या हातात पाण्याची छोटी बाटली दिली होती. तुम्ही एक घोट घेतलात, निळ्या पत्र्याकडे पाहून "अजून किती स्वच्छ ठेवलंय" म्हणालात, आणि मग कडूबाईचा फोटो काढलात. तिला हंडा जरा कलता धरायला सांगितलेत. तिने धरला. तिचे लक्ष कॅमेऱ्याकडे नव्हते, ती सारखी डाव्या कोपऱ्यात, पत्र्याखाली झरा होता तिथे पाहत होती, म्हणून तुम्हाला दोनदा काढावा लागला. व्याख्यान लांबल्यावर तुम्ही बाटली पायरीवरच ठेवून निघालात. सगळेच निघाले.

दोनशे अकरा बाटल्या होत्या. बहुतेक अर्ध्या. कडूबाई तिसऱ्या पायरीवर बसली आणि एकेक बाटली उघडून हंड्यात ओतू लागली. सांडू तिच्याजवळ गेला. मला वाटले, शिट्टी वाजवेल. त्याने बाकीच्या पायऱ्यांवरच्या बाटल्या गोळा करून तिच्यापुढे आणून ठेवल्या. हंडा गळ्यापर्यंत भरला. दोन वर्षांत त्या बारवेत प्रथमच एक हंडा भरला होता. शेवटी सांडूने, खाकी शर्ट अंगावर असताना, तो तिच्या डोक्यावर चढवून दिला. ती सरळ वाडीकडे चालत गेली. ती दिसेनाशी होईपर्यंत मी भारावून पाहत होतो, हे मी प्रामाणिकपणे सांगतो.

सकाळी मी पत्र पाठवले. संरक्षित क्षेत्रातून अंदाजे पंधरा लिटर पाणी विनापरवाना बाहेर नेण्यात आले, पहारेकऱ्याने त्यास साहाय्य केले. सांडूचा शर्ट त्याच दुपारी काढून घेतला. कडूबाईची सुनावणी येत्या सोमवारी अकरा वाजता उपकक्षात आहे. ते पाणी बाटलीतले होते, बारवेतले नव्हते, असे ती म्हणते. पण फोटोत ती हंडा घेऊन पाण्याच्या काठी उभी दिसते, आणि पाणी किती स्वच्छ आहे हेही त्यात दिसते. तो फोटो तुमच्याकडे आहे. तुम्ही तो त्याच रात्री सर्वांना पाठवला होतात, आणि खाली 'आपला वारसा, आपली जबाबदारी' असे लिहिले होतेत. साक्षीदार म्हणून मी तुमचे नाव दिले आहे.

सोमवारी वेळेवर या. येताना पाण्याची बाटली आणू नका, आता आत बंदी केली आहे.